बाबा आमटेंची सिंगर गाडी

९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात बाबा आमटे गेले. नंतरच्या दोन-चार दिवसांत देशातल्या आणि बाहेरच्या वर्तमानपत्रांत मृत्युलेख आले. त्यातले इंग्रजी लेख आज काढून वाचले तर बऱ्याच ठिकाणी, अगदी सुरुवातीलाच, एक गाडी भेटते. श्रीमंत जमीनदाराचा मुलगा, चौदाव्या वर्षी हातात स्वतःची बंदूक, आणि गाडी चालवायच्या वयात आल्यावर मिळालेली सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार. तिच्या गाद्यांवर बिबट्याचं कातडं. पुढच्याच वाक्यात कुष्ठरोगी येतात आणि गाडी गायब होते. ती परत कुठेच येत नाही.

मी चंद्रपूरचा. आमच्याकडे शाळेची सहल आनंदवनात जातेच जाते. तिथे आम्हाला हातमाग दाखवला, छपाईचा कारखाना दाखवला, बोटं झडलेल्या हातांनी विणलेल्या चादरी दाखवल्या. गाडीबद्दल कुणी बोललं नाही, आणि त्यात काही चुकलं असंही नाही. पण मोठा झाल्यावर, इंजिनिअरिंग करून पुण्यात नोकरीला लागल्यावर, मला त्या गाडीचा प्रश्न छळायला लागला. ती गोष्टीत आहे कशासाठी? फक्त 'बघा किती सोडलं' हे सांगण्यासाठी? की त्या गाडीत आणि पुढच्या माणसात काही नातं आहे?

माझं उत्तर असं की नातं आहे. ते समजून घ्यायचं तर आधी गाडी नीट बघितली पाहिजे.

शिलाई मशीनवाली नव्हे

सिंगर म्हटलं की आपल्या घरात आजीचं पायाचं शिलाई मशीन आठवतं. ती अमेरिकन कंपनी वेगळी. ही सिंगर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातली. जॉर्ज सिंगर नावाच्या माणसानं १८७० च्या दशकात ती काढली, आणि सुरुवातीला ती सायकली बनवायची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती मोटारींकडे वळली. ही सायकलची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९३० च्या दशकात सिंगरची खासियत म्हणजे लहान इंजिनाच्या चपळ गाड्या. तिची 'सिंगर नाइन' ९७२ सीसीची होती. म्हणजे आजच्या एक लिटरच्या वॅगन-आरपेक्षाही थोडं लहान इंजिन. १९३३ साली ही एवढीशी गाडी फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरली आणि टिकली. त्यानंतर सिंगरच्या स्पोर्ट्स गाड्यांना इंग्लंडातल्या हौशी शर्यतवाल्यांत मोठी मागणी आली. हे लोक पैशासाठी गाडी पळवणारे नव्हते. आठवडाभर ऑफिसात किंवा दुकानात काम करायचं आणि सुट्टीच्या दिवशी तीच गाडी चिखलाच्या चढावर घालायची, असा त्यांचा खाक्या. पुढे १९३५ मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या एका मोठ्या शर्यतीत कंपनीच्या तीन गाड्या एकाच वळणावर, एकाच कारणानं आदळल्या. स्टीअरिंगनं दगा दिला होता. कंपनीचं नाव खराब झालं. १९५६ मध्ये सिंगर दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि १९७० मध्ये ते नावही पुसलं गेलं.

त्या काळातली स्पोर्ट्स कार चालवणं म्हणजे आजच्यासारखं ॲक्सिलरेटर दाबून गाणं लावणं नव्हतं. पॉवर स्टीअरिंग नाही, सीट बेल्ट नाही, डोक्यावर बहुधा फक्त कापडी छप्पर. गिअर बदलताना इंजिनचा आवाज ऐकून पाय आणि हात यांचा मेळ घालायचा. त्यातून चांदा जिल्ह्याचे मुरमाचे रस्ते आणि पावसाळ्यातले नाले. तेव्हाचा चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मिळून. गडचिरोली वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी.

अशा मुलखात स्पोर्ट्स कार ही गरजेची वस्तू नव्हती. ती निखळ हौस होती. हौसेला नावं ठेवायची आपल्याला सवय आहे, पण हौशी माणसाचा एक गुण नाकारता येत नाही. कुणी सांगितलेलं नसताना, कुणी पगार देत नसताना, तो एखाद्या गोष्टीत पूर्ण बुडतो.

गोरजाचा मुलगा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. वडील सरकारी अधिकारी. वरोऱ्याजवळ गोरजा इथे घराण्याची मोठी जमीन. 'बाबा' हे नाव समाजसेवेतून आलेलं नाही. घरचे लहानपणापासून तीच हाक मारायचे.

या मुलाला शिकारीचं वेड होतं, तसंच सिनेमाचंही. 'पिक्चरगोअर' या इंग्रजी मासिकासाठी त्यानं सिनेमांची परीक्षणं लिहिली. ग्रेटा गार्बो आणि नॉर्मा शिअरर या हॉलिवूडच्या नट्यांशी त्याचा पत्रव्यवहार होता. जरा डोळ्यांसमोर आणा. मध्यप्रांतातला एक पोरगा हॉलिवूडला पत्र टाकतो आणि तिकडून उत्तर येतं. आज आपण एखाद्या स्टारच्या पोस्टखाली कमेंट करतो आणि त्यानं बदाम टाकला तरी स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

पण याच मुलाची दुसरी एक सवय घरच्यांना खटकायची. नोकरांच्या मुलांबरोबर खेळू नको, त्यांच्याबरोबर जेवू नको, हे तो ऐकत नसे. आपल्यासारख्या घराण्यांत एक प्रकारचा कोडगेपणा असतो, बाहेरचं दुःख आत येऊ नये म्हणून भिंती बांधलेल्या असतात, अशा आशयाचं ते पुढे स्वतःच बोलले आहेत.

पुढे नागपूरला कायद्याची पदवी आणि वरोऱ्यात वकिली. १९४२ च्या आंदोलनात पकडलेल्यांच्या बाजूनं ते कोर्टात उभे राहिले. सेवाग्रामला गांधीजींकडे जाणं-येणं सुरू झालं. याच काळातली रेल्वेतली गोष्ट सर्वांना माहीत आहे. डब्यात ब्रिटिश सोल्जर एका मुलीची छेड काढत होते. हा वकील मध्ये पडला, मार खाल्ला, पण हटला नाही. गांधीजींनी त्यांना 'अभय साधक' म्हटलं.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. न घाबरणारा शिकारी, न घाबरणारा ड्रायव्हर, न घाबरणारा वकील. धाडस एकाच जातीचं: समोर धोका आहे, त्याच्या अंगावर जायचं. वेगवान गाडी हेच शिकवते.

जिथे ते धाडस संपलं

वरोरा नगरपालिकेत बाबा उपाध्यक्ष होते. सफाई कामगारांच्या मागण्यांचा प्रश्न आला. ते म्हणाले, आमचं काम एकदा करून बघा. बाबांनी खरंच डोक्यावर मैल्याची पाटी घेतली. एक दिवस फोटोपुरती नाही, तर महिनोन्महिने.

त्याच दिवसांतल्या एका पावसाळी संध्याकाळी, पाटी घेऊन परतताना, रस्त्याच्या कडेला त्यांना काहीतरी पडलेलं दिसलं. आधी गाठोडं वाटलं. तो माणूस होता. तुळशीराम. कुष्ठरोगाच्या शेवटच्या टप्प्यात, अंगावर धड कपडा नाही, बोटं नाहीत, जखमांत किडे.

आणि 'अभय साधक' पळून गेला.

बाबांनी हे लपवलं नाही. आयुष्यभर सांगितलं. मी कधी कशाला भ्यालो नव्हतो, पण त्या दिवशी भ्यालो, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. नंतर ते परत गेले. पावसापासून आडोसा केला, खाऊ घातलं, तुळशीराम मरेपर्यंत त्याची शुश्रूषा केली. पण भीती एका फेरीत गेली नाही. ती जायला वेळ लागला.

माझ्या मते गाडीची गोष्ट इथे महत्त्वाची होते. बंदूक, मोटार, रेल्वेतली मारामारी या सगळ्यात धोका समोरून येतो आणि आपण जोरात असतो. तुळशीराम काहीच करत नव्हता. तो नुसता पडला होता. त्याच्यासमोर जोर दाखवायला जागाच नव्हती. तिथे फक्त थांबायचं होतं, जवळ बसायचं होतं. ज्या माणसानं इतकी वर्षं पुढे झेपावण्याचा सराव केला, त्याला थांबण्याचा सराव नव्हता. तो त्याला शून्यापासून शिकावा लागला.

पण ती जुनी सवय फुकटही गेली नाही. 'आपण इथे भ्यालो' हे कळल्यावर तो माणूस त्या भीतीच्या मागे तसाच लागला, जसा पूर्वी जंगलात सावजाच्या मागे लागायचा. १९४९ मध्ये बाबांनी कोलकात्याच्या 'स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन'मध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेतलं. हा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, हीच संशोधकांची तेव्हाची मोठी अडचण होती. बाबांनी स्वतःचं शरीर प्रयोगासाठी देऊ केलं आणि जंतू टोचून घेतले. त्यांना रोग झाला नाही. हे विज्ञान म्हणून कितपत शहाणपणाचं होतं, यावर वाद घालता येईल. पण यात तोच हौशी गडी मला दिसतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी पगार देत नाही, तरी स्वतःचा जीव टेबलावर ठेवून बघणारा.

गाडीत बसायला बंदी

आता गोष्टीची दुसरी बाजू. ती मृत्युलेखांत येत नाही. मला विचाराल तर गाडीपेक्षा तीच जास्त महत्त्वाची आहे.

१८९८ मध्ये ब्रिटिश सरकारनं कुष्ठरुग्णांसाठी एक कायदा केला. तो जिथे लागू केला जाई, तिथे निर्धन कुष्ठरुग्णाला पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकत आणि त्याला आश्रमात कोंडता येत असे. त्याच कायद्याच्या नवव्या कलमात काही मनाया होत्या. सरकारनं आदेश काढला की त्या भागातल्या कुष्ठरुग्णानं खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधं, कपडे विकण्यासाठी बनवायचे नाहीत. सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायचं नाही, आंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. आणि भाड्यानं चालणाऱ्या सार्वजनिक गाडीत बसायचं नाही, ती चालवायचीही नाही. सूट फक्त रेल्वेच्या डब्याला.

पुन्हा वाचा. टांगा, बैलगाडी, मोटार, भाड्याचं काहीही. बसायचं नाही.

म्हणजे त्याच देशात, त्याच काळात, एका मुलाला गादीवर कातडं मढवलेली मोटार भेट मिळते आणि दुसऱ्या माणसाला भाडं हातात असूनही गाडीत पाय ठेवू द्यायचा नाही, असा कायदा कागदावर असतो. कायदा जिथे लागू नव्हता तिथे लोक होतेच. टांगेवाला रुग्णाला घेत नसे, गावकरी विहिरीवर येऊ देत नसत.

या रोगात माणसाचे पाय का जातात, हेही जाणून घ्यायला हवं. कुष्ठरोगाचा जंतू त्वचेजवळच्या नसांवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते. काटा रुतला, निखारा लागला, चप्पल घासली, तरी कळत नाही. दुखलं असतं तर माणूस थांबला असता. दुखत नाही म्हणून तो चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि बोटं झडतात. बोटं थेट रोगानं झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी झडतात. म्हणजे ज्या माणसानं पायी चालणं सर्वात घातक, त्यालाच आपण गाडी नाकारली होती.

चौदा रुपये आणि एक लंगडी गाय

१९५१ मध्ये वरोऱ्याजवळ सरकारकडून मिळालेल्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू झालं. विनोबा भावेंच्या हस्ते उद्घाटन झालं. सोबत सहा कुष्ठरुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय. आजूबाजूला झुडपं, साप, विंचू आणि बिबट्यांचा वावर. कातडं होऊन गादीवर आलेला प्राणी आता जिवंतपणी कुंपणाबाहेर होता.

आणि सोबत साधनाताई होत्या, दोन लहान मुलांना घेऊन. त्या नागपूरच्या घुले घराण्यातल्या, पूर्वाश्रमीच्या इंदू. १९४६ मध्ये लग्न झालं. आधी बाबांनी लग्न न करण्याचं ठरवलं होतं, साधूसारखे केस वाढवले होते. एका लग्नघरात ते गेले असताना, सगळे गडबडीत असताना, एक मुलगी गुपचूप म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुवायला मदत करताना त्यांना दिसली. तिथे विचार बदलला.

मला नेहमी वाटतं, आपण त्यागाच्या गोष्टी सांगताना आधी माणसाकडे काय होतं ते मोजतो. होतं जास्त, म्हणून सोडलं जास्त, म्हणून मोठा. लिंक्डइनवरच्या पोस्ट अशाच असतात: अमुक लाखांचं पॅकेज सोडलं आणि शेती केली. या हिशोबात साधनाताई मागे पडतात, कारण त्यांच्या नावावर सोडायला स्पोर्ट्स कार नव्हती. त्यांनी दिलं ते असं की ज्याला 'आधी आणि नंतर'च्या फोटोत पकडता येत नाही: रोजचा स्वयंपाक, रोजची सोबत, लहान मुलांना कुष्ठरुग्णांमध्ये वाढवण्याची हिंमत. त्यांचं 'समिधा' हे आत्मकथन वाचलं की हे नीट कळतं. आणि तुळशीराम तर आणखीच मागे पडतो. त्याच्याकडे कोणे एके काळी काय होतं, त्याला कशाची हौस होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याचं फक्त 'नंतर' उरलं.

आनंदवन दानावर चालू नये, हा बाबांचा आग्रह होता. दानानं माणूस अपंग होतो, कामानं उभा राहतो, असं ते मानत. रुग्णांनी विहीर खणली, शेती केली, भाजी पिकवली, दूध काढलं. वरोऱ्यात ती भाजी कुणी घेईना. मग १९५० च्या दशकात वेगवेगळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक इथे आले, राहिले, दवाखान्याच्या इमारती बांधल्या, आणि हीच भाजी खाल्ली. गोऱ्यांना चालते म्हटल्यावर वरोऱ्यालाही चालायला लागली. आपल्या समाजाबद्दल यातून जे कळतं ते फार सुखाचं नाही, पण खरं आहे.

पुढे मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प झाला. तिथे उन्हाळ्यात तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरते. विदर्भाच्या मे महिन्यात कुदळ हाणायला शहरातली पोरं का जात असतील, असा मला प्रश्न पडायचा. आता वाटतं, जे सिंगर गाडीत होतं तेच तिथे मिळतं. अंगाला आव्हान, सोबत दोस्त, आणि कुणी सांगितलेलं नसताना केलेलं काम.

बिबट्याचं पोर

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. आलापल्लीपासून साठेक किलोमीटर आत, दाट जंगलात. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम जवळच. पावसाळ्यात नद्या-नाले चढले की जगाशी संपर्क तुटायचा. माडिया गोंड लोकांचा हा मुलूख. सर्जरीचं पुढचं शिक्षण अर्धवट सोडून डॉ. प्रकाश आमटे इथे आले, सोबत डॉ. मंदाकिनी आमटे. तिथे वीज नव्हती, रस्ता नव्हता आणि माडिया भाषाही दोघांना येत नव्हती.

पुढे एक दिवस प्रकाश आमटेंना शिकार करून परतणारे काही माडिया दिसले. मेलेल्या माकडिणीला तिचं पिल्लू बिलगलेलं होतं. त्यांनी ते पिल्लू मागून घेतलं, बदल्यात धान्य दिलं. त्यातून हेमलकशाचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. अट साधी होती: खायला मिळत नाही म्हणून शिकार करता, ठीक आहे, पण पोरकी पिल्लं आमच्याकडे आणून द्या. अस्वलं आली, हरणं आली, साप आले, आणि बिबटे आले. त्यातल्या 'नेगल' नावाच्या बिबट्याच्या नावानं विलास मनोहरांनी पुस्तक लिहिलं. माझ्या पिढीतल्या कितीतरी मुलांनी ते शाळेत असताना वाचलंय.

एका घराण्याचा चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास या एका प्राण्यात सांगता येतो. बापाच्या गाडीत बिबट्याचं कातडं, मुलाच्या अंगणात बिबट्याचं पोर. मध्ये १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार गुन्हा ठरली, हे खरं. पण कायद्यानं कातडी काढायची थांबते, पिल्लाला बाटलीनं दूध पाजायला कायदा सांगत नाही. त्याला पुन्हा हौसच लागते.

आडवं पडून काश्मीरपर्यंत

बाबांच्या पाठीचे मणके निकामी होत गेले. शस्त्रक्रिया झाल्या, पट्टे आले. शेवटी अशी अवस्था आली की ते उभे राहू शकत किंवा आडवे होऊ शकत, बसता येत नसे. ज्या माणसाच्या आयुष्यातली पहिली प्रसिद्ध वस्तू म्हणजे गाडीतली गादी, त्याला बसणंच बंद झालं.

आणि अशा अवस्थेत, सत्तरी ओलांडल्यावर, डिसेंबर १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. 'भारत जोडो'. इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतरची शिखांविरुद्धची हिंसा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पंजाब धुमसत होता. शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर, आणि बाबा गाडीत आडवे पडून. सुमारे ५,००० किलोमीटर. यात्रा पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पोचली. १९८८ मध्ये दुसरी यात्रा निघाली, ईशान्येकडून गुजरातमधल्या ओख्यापर्यंत.

सिंगर कंपनी सायकलीपासून सुरू होऊन स्पोर्ट्स कारवर पोचली होती. बाबांचा प्रवास उलट दिशेनं झाला. सुरुवात स्पोर्ट्स कारनं, नंतर डोक्यावर पाटी, लंगडी गाय, आणि शेवटी सायकलवर निघालेल्या पोरांच्या ताफ्यात एक पलंग.

पण वेडाचं प्रमाण तेवढंच राहिलं. मणके गेलेल्या म्हाताऱ्यानं भारताची लांबी मोजायला निघणं यात हिशोबी शहाणपण कुठे आहे? डॉक्टरांनी कशाला हो म्हटलं असतं? १९९० मध्ये तर ते आनंदवनही सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले, धरणग्रस्तांसोबत, कित्येक वर्षं. मॅगसेसे, टेम्पलटन असे पुरस्कार मिळून गेलेले, संस्था उभी राहिलेली, मुलं-सुना काम सांभाळत होत्या. आराम करायला सगळी सोय होती.

म्हणून 'बाबांनी हौस सोडली' असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. त्यांनी गाडी सोडली, हौस ठेवली. हे आपल्यासाठी बरं आहे, कारण हौस मारून साधू व्हा असं कुणी सांगितलं तर माझ्या वयाचं कुणीही ऐकणार नाही. मी तरी नाही. मला गाड्या आवडतात. ऑफिसच्या पार्किंगमध्ये नवी गाडी आली की मी थांबून बघतो. ईएमआयचं गणित मनात करून टाकतो. त्यात पाप नाही. प्रश्न इतकाच की ती गाडी रस्त्याच्या कडेचं काही दिसलं तर थांबते का.

आज चंद्रपूर–मूल–गडचिरोली रस्त्यावर संध्याकाळी जा. कोळशाचे ट्रक, सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक, आणि त्यांना ओव्हरटेक करणाऱ्या मोठाल्या गाड्या. या दोन जिल्ह्यांत पैसा फिरतोय, वेगही आलाय. आणि याच दोन जिल्ह्यांत अजूनही कुष्ठरोगाचे नवे रुग्ण सापडतात. आता औषधं आहेत. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. वेळेत सुरू केल्या तर बोटं शाबूत राहतात. उशीर होतो तो बहुतेकदा लाजेमुळे आणि भीतीमुळे. अंगावरचा बधिर चट्टा लोक दाखवत नाहीत.

बाबांचं पार्थिव जाळलं नाही. त्यांच्या इच्छेप्रमाणे आनंदवनातच मातीत पुरलं. १८९८ चा तो कायदा मात्र त्यांच्यानंतरही केंद्राच्या कायद्यांच्या यादीत पडून होता. संसदेनं तो काढून टाकला २०१६ मध्ये. बरा झालेला माणूस लालपरीत खिडकीपाशी बसून वरोऱ्याहून चंद्रपूरला जातो, कंडक्टर त्याला तिकीट फाडून देतो, शेजारचा सरकून जागा करतो. यातलं तिकीट आता कायद्यानं पक्कं झालं आहे. सरकून जागा करणं अजून आपल्यावर आहे.